एनडीए कुठं पुरतो आणि ॲक्सेस कुठं आवरायचा

समजा, नाशिकचा एक ट्रेडर बरीच वर्षं निफ्टीच्या ऑप्शन्समध्ये स्वतःच्या नियमांनी व्यवहार करतो आहे. आता ते नियम त्याला सॉफ्टवेअरमध्ये बसवून हवे आहेत. ऑनलाइन शोधून एक चांगला फ्रीलान्स डेव्हलपर मिळतो. तो इंदूरचा असेल नाहीतर कीव्हचा, प्रत्यक्ष भेट होणार नाही हे नक्की. अशा वेळी मित्रांपासून सीएपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच असतो: आधी एनडीए सही करून घे.

सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. एनडीए म्हणजे गोपनीयतेचा करार. डेव्हलपरनं काय करू नये, एवढंच तो सांगतो. डेव्हलपरला काय करता येईल, हे मात्र दिलेल्या ॲक्सेसवरून ठरतं. लोक या दोन गोष्टी एकच धरतात, सही झाली की निर्धास्त होतात आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवून देतात. माझ्या मते खरा धोका तिथं सुरू होतो.

या ट्रेडरला तीन गोष्टी जपायच्या आहेत: त्याचे नियम, ब्रोकरच्या खात्याची एपीआय की (सॉफ्टवेअरला खात्यातून ऑर्डर टाकू देणारी गुप्त चावी) आणि व्यवहारांची माहिती. करारात या तिन्ही 'गोपनीय माहिती' या एकाच व्याख्येत बसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. नियम एकदा समोरच्याच्या डोक्यात गेले की परत काढून घेता येत नाहीत. की केव्हाही बदलता येते. आणि माहिती तर मुळात न देताही काम होऊ शकतं. त्यामुळे नियमांसाठी करार लागतोच, बाकीच्या दोहोंसाठी मात्र ॲक्सेस आवरावा लागतो.

करारात किती बळ असतं ते आधी पाहू. व्यापारी गुपितांसाठी भारतात आजवर स्वतंत्र कायदा झालेला नाही. विधी आयोगानं २०२४ मध्ये २८९व्या अहवालात तसा मसुदा सुचवला, पण आज आधार आहे तो मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचा आणि न्यायालयांच्या निकालांचा. बरेच जण एनडीएमध्ये 'भंग झाल्यास पाच कोटी रुपये दंड' असं लिहून घेतात. कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाई देतं आणि लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते. पाच कोटी लिहिले म्हणून पाच कोटी मिळत नाहीत. काम संपल्यावरही 'दुसऱ्या कुणासाठी असं सॉफ्टवेअर करायचं नाही' ही अट कलम २७ पुढे टिकणं अवघड. गुपित फोडायचं नाही ही अट टिकते, पण फोडलं कुणी, हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं.

डेव्हलपर परदेशात असेल तर नाशिकच्या न्यायालयाचा हुकूम तिथं बजावून घेणं फार कठीण. म्हणून अशा करारात लवादाचं कलम हवंच. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात सामील असलेल्या देशांत लवादाचा निवाडा अमलात आणता येतो, आणि बहुतेक देश त्यात आहेत. तरी खर्च, वेळ आणि पुरावे लागतातच. थोडक्यात, एनडीएचं काम नुकसान झाल्यानंतर सुरू होतं.

ॲक्सेसची मर्यादा आधीपासून काम करते. कॉइनबेस या अमेरिकी क्रिप्टो एक्स्चेंजच्या बाबतीत मे २०२५ मध्ये जे उघड झालं ते इथं नेमकं लागू पडतं. परदेशातल्या काही ग्राहकसेवा प्रतिनिधींना लाच देऊन चोरांनी ६९ हजारांहून अधिक ग्राहकांची माहिती मिळवली. नावं, पत्ते, सरकारी ओळखपत्रांचे फोटो, खात्यातली शिल्लक असं बरंच काही गेलं. पासवर्ड आणि क्रिप्टोच्या प्रायव्हेट की मात्र गेल्या नाहीत, कारण त्या प्रतिनिधींना दिसतच नव्हत्या. जेवढं हाताशी होतं तेवढंच गेलं.

आता आपल्या ट्रेडरकडे येऊ. अल्गो (ठरलेल्या नियमांनी आपोआप ट्रेड करणारा प्रोग्रॅम) करून देणारे काही फ्रीलान्सर लॉगिन आपोआप व्हावं म्हणून युजर आयडी, पासवर्ड आणि टीओटीपीचा (लॉगिनसाठी सतत बदलणाऱ्या आकड्याचा) गुप्त कोड असं तिन्ही मागतात. हे तिन्ही दिलं म्हणजे खातंच दिलं. कोड लिहिण्यासाठी यातलं काहीही लागत नाही. बाजाराचा जुना डेटा आणि खोट्या ऑर्डर्स स्वीकारणारा एक नकली ब्रोकर एवढ्यावर जवळपास सगळं काम होतं. खरी की ट्रेडरनं स्वतःच्या सर्व्हरवर, स्वतःच्या हातानं भरायची. ती कोडमध्ये लिहिली जाता कामा नये, कारण गिटमध्ये (कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या व्यवस्थेत) एकदा कमिट झालेली, म्हणजे नोंदली गेलेली की पुढं फाइलमधून पुसली तरी जुन्या इतिहासात तशीच राहते. तसं चुकून झालंच, तर पुसत बसण्यापेक्षा की बदलून टाकावी.

'आमच्या कीनं पैसे काढताच येत नाहीत, फक्त ट्रेड होतो' असा दिलासा बरेच जण देतात. भारतीय ब्रोकरकडून पैसे नोंदवलेल्या बँक खात्यातच जातात हे खरं, पण तेवढ्यानं खातं सुरक्षित होत नाही. ज्यात उलाढाल जवळजवळ नाही असा एखादा दूरच्या स्ट्राइकचा (बाजारभावापासून लांबच्या ठरलेल्या भावाचा) ऑप्शन तुमच्या खात्यातून भलत्या भावानं घ्यायला लावायचा आणि समोर विकणारा आपलाच माणूस ठेवायचा, एवढं केलं की पैसे गेले. २०२२ मध्ये थ्रीकॉमाज या ट्रेडिंग सेवेकडच्या ग्राहकांच्या की फुटल्या, तेव्हा क्रिप्टोच्या बाजारात हीच पद्धत वापरून खाती रिकामी केली गेली. म्हणूनच सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकातली स्टॅटिक आयपीची (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याची) अट मला फार मोलाची वाटते. ऑर्डर ठरलेल्या आयपीवरूनच जाणार असेल, तर फुटलेली की दुसऱ्याच्या लॅपटॉपवर निरुपयोगी ठरते.

एवढं सांभाळूनही ॲक्सेसची एक वाट उघडी राहते आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. ती वाट म्हणजे खुद्द कोड. डेव्हलपरला की दिली नाही तरी त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम तुमच्याच सर्व्हरवर, तुमच्याच कीसह चालणार आहे. एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मार्च २०२४ मध्ये चोरवाट सापडली. ती घालणाऱ्यानं सुमारे दोन वर्षं निमूटपणे चांगलं काम करून प्रकल्पात सह-देखभालकर्त्याची जागा मिळवली होती. मायक्रोसॉफ्टच्या एका इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, त्यानं पाठपुरावा केला, म्हणून ते उघडकीला आलं. दोन वर्षांचा अनुभव पाठीशी असूनही तपासणी लागतेच. तेव्हा कोड मर्ज करण्याचा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याचा अधिकार डेव्हलपरकडे ठेवू नका, दुसऱ्या जाणकाराला पैसे देऊन तो वाचून घ्या, आणि सर्व्हरला ब्रोकरखेरीज बाहेर कुठंही बोलू देऊ नका.

ऑर्डरची संख्या आणि दिवसाचा तोटा यांवर वेगळी मर्यादा ठेवणंही तितकंच गरजेचं, कारण नुकसान व्हायला वाईट हेतू लागतोच असं नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरचा फटका बसला. गुपित कुणीच फोडलं नव्हतं. असल्या चुकीबद्दल एनडीएमध्ये एक शब्दही नसतो.

दूरचा माणूस म्हणजे जास्त धोका, हेही मला पटत नाही. २००९ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेच्या पगारी प्रोग्रॅमरनं नोकरीच्या शेवटच्या दिवशी ट्रेडिंगचा कोड जर्मनीतल्या एका सर्व्हरवर चढवला. तो रोज ऑफिसात येणारा, गोपनीयतेनं बांधलेला माणूस होता. दूरच्या फ्रीलान्सरला ॲक्सेस देताना आपण निदान विचार तरी करतो.

नियमांचं काय? ते ॲक्सेसनं पूर्ण झाकता येत नाहीत, पण कमी उघडे करता येतात. डेव्हलपरला नियम वाचून चालवणारं इंजिन लिहायला सांगायचं, चाचणीसाठी साधे नियम द्यायचे, आणि खरे आकडे आपल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे. दाखवावंच लागेल तेवढ्यासाठी एनडीए आहेच, आणि तो नेमका लिहिलेला असावा.

सॉफ्टवेअर ट्रेडरऐवजी पतसंस्थेसाठी किंवा सीएच्या ऑफिससाठी असेल, तर ग्राहकांचे खरे पॅन आणि खाते क्रमांक बाहेर पाठवूच नयेत, डमी डेटा बनवावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. काम बाहेर दिलं आणि करारात काहीही लिहिलं, तरी ती तिथंच राहते.

आणखी एक गल्लत इथंच निस्तरायला हवी. एनडीए केल्यानं कोड तुमच्या मालकीचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरानं नोकरीत लिहिलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो, फ्रीलान्सरच्या बाबतीत मात्र सहसा फ्रीलान्सरच. हक्क लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पूर्ण पैसे देऊनही हे राहून गेलेले अनेक जण आहेत.

काम संपतं त्या दिवशी डेव्हलपरचं नाव रेपोमधून (जिथं कोड साठवलेला असतो तिथून) काढायचं, त्याचं सर्व्हरवरचं लॉगिन बंद करायचं, आणि की कधीच दिली नव्हती अशी खात्री असली तरी नवी बनवून जुनी रद्द करायची. एनडीए मात्र त्यानंतरही ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू राहतो, म्हणून ती मुदत किती, हे सही करण्याआधीच वाचून घ्या.