कोणालाही न धडकता उलटलेली तीनचाकी

वळणावर तीनचाकी कलंडते आणि आतली माणसे बाहेर फेकली जातात. समोर दुसरे वाहन नसते, खांब नसतो, जनावरही नसते. अशा इजेसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, म्हणजे आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत, व्ही ३८ हा स्वतंत्र संकेतांक आहे. धडकेविना उलटणे, वाहनातून पडणे किंवा फेकले जाणे, चढता-उतरताना लागणे हे सगळे त्यात येते. हा रकाना मिळायला मोटारीच्या जन्मापासून शंभरहून अधिक वर्षे गेली.

कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेली मोटार तीनचाकीच होती. चार चाकांसाठी स्टिअरिंगची समाधानकारक रचना जमेना, म्हणून त्यांनी पुढे एकच चाक ठेवले. लवकरच चारचाकीने बाजी मारली, पण स्वस्त, हलके आणि अरुंद जागेत वळणारे वाहन म्हणून तीनचाकी टिकून राहिली. १९४८ मध्ये इटलीत पियाज्जिओ कंपनीची 'आपे' आली. पुढचा भाग स्कूटरचा, मागे दोन चाकांवर माल. पुढे एक आणि मागे दोन चाके हीच मांडणी प्रवासी रिक्षांतही रुजली.

कलंडण्याचे मूळ या मांडणीत आहे. तिन्ही चाके जमिनीला टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो आणि तो पुढे निमुळता असतो. वाहनाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून चाकांमधल्या अंतराच्या दोन तृतीयांशावर धरला, तर तेवढ्याच रुंदीच्या आणि उंचीच्या चारचाकीला बाजूने जो आधार मिळतो त्याच्या दोन तृतीयांशच आधार तीनचाकीला मिळतो. चालकाशेजारी एकाला बसवले की भार पुढे सरकतो आणि हा आधार आणखी घटतो. टपावर सामान ठेवले की गुरुत्वमध्य वर जातो. त्यातच वळणावर ब्रेक दाबला तर जोर पुढे आणि बाहेर, म्हणजे नेमका त्रिकोणाच्या निमुळत्या कडेकडे जातो. घाबरलेला चालक सहज करतो तीच गोष्ट इथे सर्वांत घातक ठरते. पुढे दोन आणि मागे एक चाक ठेवले तर हा धोका बराच कमी होतो. ब्रिटनमधल्या मॉर्गन कंपनीने १९१० च्या सुमारासच अशा गाड्या बनवल्या होत्या. त्यामुळे अशा प्रत्येक अपघाताचे खापर चालकाच्या बेपर्वाईवर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

इजा कशी होते हेही रचनाच ठरवते. अनेक रिक्षांच्या बाजू उघड्या असतात, दार नसते, प्रवाशाला पट्टा नसतो. ज्या बाजूला वाहन पडते तिकडचा माणूस आधी बाहेर जातो आणि त्याच्या हातावर किंवा पायावर वाहनाची कड येते. डोके रस्त्यावर किंवा टपाच्या दांडीवर आपटते. त्यासाठी वेग फार असावा लागत नाही.

हे आकडेवारीत दिसत का नव्हते? या वर्गीकरणाची सुरुवात १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीपासून होते. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. नवव्या आवृत्तीपर्यंत आधी अपघाताचा प्रकार पाहिला जाई. जखमी कोण, हे शेवटच्या अंकात. त्या अंकात मोटारसायकलस्वार वेगळा होता, पण तीनचाकीतल्या माणसाला स्वतःची जागा नव्हती. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीने हा क्रम उलटा केला: आधी जखमी माणूस कशात होता, मग काय घडले. त्यातून व्ही ३० ते व्ही ३९ हा तीनचाकीचा गट आणि धडकेविना अपघाताचा व्ही ३८ तयार झाला. साइडकार लावलेली मोटारसायकल या गटात येत नाही.

रस्त्याबाहेर चालवण्याच्या तीनचाक्याही वेगळ्या गटात जातात, पण त्यांचा इतिहास इथे बोलका आहे. अमेरिकेत इजांच्या नोंदी साठत गेल्यावर ग्राहक सुरक्षा आयोगाने निर्मात्यांविरुद्ध पाऊल उचलले आणि १९८८ च्या तडजोडीनुसार अशा नव्या तीनचाक्यांची विक्री तिथे थांबली. त्यांची जागा रस्त्याबाहेर चालवण्याच्याच चारचाकींनी घेतली.

रस्त्यावरच्या तीनचाकीबाबत नोंद मात्र अजून पहिल्याच कागदावर निसटते. केसपेपरवर फक्त 'रस्ता अपघात' लिहिले की ती इजा व्ही ८९.२ या अनिर्दिष्ट रकान्यात जाते. वाहन तीनचाकी होते, कशालाही धडकले नव्हते आणि जखमी चालक होता की प्रवासी, एवढे तीन तपशील लिहिलेले असले तरच ती व्ही ३८ मध्ये योग्य ठिकाणी पोहोचते.