मुलांच्या नावाची एफडी करमुक्त नसते

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत वर्षानुवर्षं एकच सल्ला फिरतोय: पैसे मुलाच्या नावावर टाका, व्याजावर टॅक्स लागत नाही. हे खरं नाही. १८ वर्षांखालच्या मुलाचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. दोघांचा घटस्फोट झाला असेल तर त्या वर्षी मुलाचा सांभाळ जो करतो, त्याच्या. सूट जेमतेम: जुन्या करप्रणालीत दर मुलामागे वर्षाला १५०० रुपयांपर्यंत, नव्या प्रणालीत तीही नाही.

याच्या उलटाही एक गैरसमज आहे आणि तो मला जास्त खटकतो. गडकरी रंगायतनला बालनाट्यात काम करून किंवा जाहिरात करून मुलीने मानधन मिळवलं, तर काही पालक तेही स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवतात. तशी गरज नाही! स्वतःच्या कौशल्याने किंवा अंगमेहनतीने कमावलेलं उत्पन्न त्या मुलीचंच. तिचं पॅन काढा आणि रक्कम करमुक्त मर्यादेच्या वर गेली तर पालक म्हणून तिच्या नावाने रिटर्न भरा. मात्र तेच मानधन एफडीत ठेवलंत, की त्याचं व्याज पुन्हा तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. कायद्यात नमूद केलेलं अपंगत्व असलेल्या मुलाला हा नियम लागूच नाही. त्याचं व्याजही त्याचंच.