व्यवसाय आराखड्याची पूरक कागदपत्रे (मुंबई)

व्यवसाय आराखड्यात किंवा प्रकल्प अहवालात केलेल्या विधानांना आधार म्हणून मागे जोडलेले दाखले, परवाने, करार, कोटेशन, ताळेबंद आणि बँकेचे उतारे यांचा संच. बँकेची शाखा, सीएची कचेरी किंवा महामंडळाची खिडकी, कुठेही गेले तरी या संचाला सरसकट ‘फाईल’ म्हणतात. आराखड्यात उद्योजक आपण काय करणार ते सांगतो. ते त्याला जमण्यासारखे आहे का, याचा अंदाज कर्ज देणारा फाईलवरून बांधतो. म्हणून जाणते अधिकारी बाड मागून चाळायला घेतात: आधी उतारे आणि जागेचे कागद, मग आकडे, आणि वेळ उरलाच तर प्रस्तावना.

पूर्वपीठिका. जुन्या मुंबईत व्यापारी कर्ज पेढीवर, हुंडीवर आणि ओळखीवर चाले. बँका मुख्यतः तारण पाहत. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पैसा कशासाठी हवा, तो फिरणार कसा, या प्रश्नांना वजन आले. मालाचा साठा व येणी किती असावीत याचे निकष टंडन समितीने १९७५ मध्ये सुचवले. १९६५ पासून मोठ्या कर्जांना रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागत असे; ती पद्धत १९८८ मध्ये जाऊन कर्जनियंत्रण व्यवस्था (क्रेडिट मॉनिटरिंग अरेंजमेंट, म्हणजेच सीएमए) आली. सीए मंडळी आजही जे तक्ते ‘सीएमए डेटा’ म्हणून भरतात, त्यांचे नाव या व्यवस्थेवरूनच पडले. छोट्या उद्योगांना यातून बरीच सुटका मिळाली ती नायक समितीमुळे (१९९२). या समितीच्या ठोकताळ्यानुसार वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल (धंदा रोज चालता ठेवायला लागणारा पैसा) लागते असे धरतात. त्यातले विक्रीच्या २० टक्के बँक देते आणि विक्रीच्या ५ टक्के मालकाने घालायचे असतात.

आकड्यांचा पुरावा. ठोकताळा सोपा असला तरी त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या कागदावर टेकावा लागतो. समजा, लालबागमध्ये मसाला कांडपाचा व्यवसाय काढायचा आहे. आराखडा सांगतो की महिन्याला ६०० किलो मसाला ५०० रुपये दराने विकला जाईल, म्हणजे वर्षाला ३६ लाखांची विक्री. खेळते भांडवल ९ लाख. बँकेचे ७ लाख २० हजार, मालकिणीचे १ लाख ८० हजार. आता फाईल उलगडू. हे १ लाख ८० हजार तिच्या खात्यात दिसतात का, आणि दिसत असले तर गेल्या आठवड्यात एकदम जमा झालेले तर नाहीत ना? कांडप यंत्राच्या कोटेशनवर ताशी दोन किलो क्षमता छापलेली असेल, तर रोज आठ तास आणि महिन्याला २५ दिवस चालवूनही ४०० किलोच निघतील. ६०० किलोचा दावा तिथेच कोसळतो. लाईट बिलावर मंजूर भार घरगुती असेल तर यंत्र चालणार कशावर? बाराही महिने सारखीच विक्री दाखवलेला तक्ता पाहून तर मुंबईचा कुठलाही अधिकारी हसेल, कारण वर्षाचा मसाला लोक मार्च ते मे या उन्हाच्या दिवसांत करून ठेवतात.

मालविक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाखांची आहे. ३६ लाखांच्या व्यवसायाकडे जीएसटी विवरणे नसली तर त्यात गैर काही नाही. मात्र मग विक्रीचा पुरावा म्हणून बँक उतारा, यूपीआयच्या जमा रकमा आणि बिलबुके दाखवावी लागतात. रोखीतच धंदा करणाऱ्यांची पंचाईत होते ती इथे. गिऱ्हाईक भरपूर, गल्ला रोज भरलेला, आणि उताऱ्यावर महिन्याला चार नोंदी.

ताळेबंदांचे तीन प्रकार फाईलमध्ये शेजारी शेजारी येतात: झालेल्या वर्षांचे, चालू वर्षाचे अंदाजित आणि पुढच्या वर्षांचे प्रक्षेपित. त्यांत सलगता हवी. गेल्या वर्षी ८ लाख, यंदा ९ लाख आणि कर्ज मिळताच पुढच्या वर्षी ४० लाख, अशी उडी तिला आधार देणाऱ्या ऑर्डरींशिवाय कोणी मान्य करत नाही. सीएच्या प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन (त्या दस्ताचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असावा लागतो. प्रमाणपत्रांसाठी तो १ फेब्रुवारी २०१९ पासून सक्तीचा आहे आणि बँक तो ऑनलाईन पडताळते. त्यामुळे कोणाकडून तरी नुसता शिक्का मारून आणायचे दिवस गेले.

यंत्रांची कोटेशने मुंबईत मिळायला सोपी. हत्यारे आणि यंत्रांचे भाग नागदेवी स्ट्रीटला, विजेचे सामान लोहार चाळीत, इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोडला. त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, यंत्राचे मॉडेल, कराची रक्कम आणि मुदत असावी. बँक यंत्राचे पैसे सहसा थेट विक्रेत्याच्या खात्यात भरते, म्हणून फुगवलेल्या कोटेशनचा उपयोग होत नाही, झाला तर तोटाच होतो.

जागेचे कागद. मुंबईच्या फायली सर्वांत जास्त अडकतात त्या जागेवर. गावाकडे सातबारा काढून दिला की निदान सुरुवात होते. इथे मालमत्ता पत्रक असते, त्यावर शहरात सी.एस. आणि उपनगरांत सी.टी.एस. हा भूमापन क्रमांक, आणि ज्याच्या नावावर जमीन तो सहसा उद्योजक नसतोच. भाड्याच्या गाळ्यासाठी लिव्ह अँड लायसन्सचा करार लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज अजून टिकून आहे, तो चुकीचा आहे. शिवाय पाच वर्षांच्या कर्जाला अकरा महिन्यांचा करार जोडला की ‘नूतनीकरणाचे काय?’ ही क्वेरी ठरलेली.

पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या खोलीचा मामला आणखी वेगळा. याच अधिनियमाच्या कलम ५६ ने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली; पण भाडेकरू जागेचा मालक होत नाही, त्यामुळे ती खोली मालकीच्या जागेसारखी तारण ठेवता येत नाही. भाडेपावती पत्त्याचा पुरावा म्हणून चालते, व्यवसायासाठी घरमालकाची एनओसी (ना हरकत दाखला) वेगळी घ्यावी लागते. सोसायटीत असाल तर सोसायटीची. भाडेपावती आजोबांच्या नावे, लाईट बिल वडिलांच्या आणि अर्ज सुनेचा, हा गिरगाव-परळच्या चाळींमधला नेहमीचा नमुना. लाईट बिल देणारी कंपनीही भागागणिक बदलते: शहरात बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण.

नावांचा घोळही याला लागूनच येतो. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, शाळेच्या दाखल्यावर मधले नाव आणि बँकेत नुसते आद्याक्षर. यावर दोन उपाय आहेत: दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र, किंवा राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करणे. दुसरा सावकाश, पण पक्का. फोर्टमध्ये न्यायालयांच्या आसपास नोटरी सहज मिळतात. स्टॅम्प पेपर मात्र जपून घ्यावा, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागू केला, आणि जुन्या मसुद्यांत अजून शंभराचाच उल्लेख असतो.

नोंदण्या आणि परवाने. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहावे. दुकाने व आस्थापना नोंदणीला बाजारात अजून ‘गुमास्ता’ म्हणतात. २०१७ च्या अधिनियमाने सुरुवातीला दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना पूर्ण नोंदणीऐवजी सूचनेची पावती पुरेशी ठरवली. खाण्याच्या पदार्थांना अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि कारखान्याच्या स्वरूपानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. लोअर परळच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. उपाहारगृहाच्या फाईलमध्ये अग्निशमन दलाची एनओसी आधी का पाहतात हे त्यावरून कळावे.

सगळ्यांना सगळे कागद लागत नाहीत. मुद्रा योजनेत शिशु गटाच्या ५० हजारांपर्यंतच्या कर्जाला ओळख, पत्ता आणि कोटेशन यांवर बरेचसे भागते; दोन लाखांपासून पुढे मागचे दोन ताळेबंद आणि पुढचे अंदाज मागतात. रक्कम लहान असताना चाळीस पानी अहवाल विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार अहवालांत तर भलत्याच गावाचे वीजदरही सापडतात. गुंतवणूकदाराकडे जायचे असेल तर यादी पालटते: भागधारकांचा तक्ता, संस्थापकांमधील करार, ट्रेडमार्कचे अर्ज, ग्राहकांशी झालेले करार.

मांडणी आणि सादरीकरण. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाला क्रमांक, आणि आराखड्याच्या मजकुरात त्या क्रमांकाचा उल्लेख (‘यंत्राची किंमत: जोडपत्र ७’). एवढे केले तरी अर्ध्या क्वेरी येत नाहीत. झेरॉक्स प्रतींवर स्वतःची सही करून द्याव्यात आणि मूळ कागद दाखवून लगेच परत घ्यावेत. दिलेल्या संचाची पोच घ्यायला संकोच करू नये. शाखेतला अधिकारी बदलून गेला की ती पोचच कामाला येते.

मिळकत तारण असेल तर तिचे मूळ दस्त बँकेकडे राहतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर ते ३० दिवसांत परत करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.