हेडफोनचा बास कुशनमधून गळतो

‘दोन-तीन वर्षांत हेडफोनचा ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) म्हातारा होतो, बास उतरतो’ हे रेकॉर्डिंगवाल्यांतही सर्रास ऐकू येतं. बहुतेक वेळा ड्रायव्हर ठणठणीत असतो. कामातून गेलेलं असतं कानावरचं कुशन.

५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. कान आणि ड्रायव्हर यांच्यातली पोकळी जेमतेम काही सेंटीमीटरची. एवढ्या जागेत लाट मावतच नाही. ड्रायव्हरचा पडदा पुढे आला की पोकळीतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम चढतो, मागे गेला की उतरतो, आणि हीच चढउतार आपल्याला बास म्हणून ऐकू येते. आता कुशनला चीर पडली, किंवा चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली, तर? ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हवा फटीतून आरामात ये-जा करते, दाब साठतच नाही. २,००० हर्ट्झचं आवर्तन ०.५ मिलिसेकंदात संपतं. फटीतली हवा हलायच्या आत दाब उलटलेला असतो. म्हणून तार सप्तक शाबूत आणि खर्ज गायब! फटीचा रोध (हवेला होणारा अडथळा) आणि पोकळीची धारकता (हवा दाबून साठवण्याची क्षमता) मिळून हा चक्क हाय-पास फिल्टर झाला, म्हणजे वरचे स्वर जाऊ देणारी आणि खालचे अडवणारी चाळणी. मग मिक्सिंग करणारा बास वाढवतो, आणि तेच गाणं गाडीत लावलं की दारं थडथडतात.

नवा हेडफोन शंभर तास वाजवून लोणच्यासारखा मुरवावा लागतो, अशीही एक पोथी आहे. मुरतं ते बहुधा कुशनच: उबेने मऊ होऊन कानाशी नीट बसतं.

कुशनवरचं रेक्झिन बहुधा पॉलियुरेथेनचं. घाम आणि दमट हवा त्यातले एस्टर बंध (रेणूंच्या साखळीतले दुवे) तोडतात. त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते पुढची तोड आणखी वेगाने करतं. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या हेडफोनचेही काळे पापुद्रे सुटतात ते यामुळे.

तेव्हा टिकाऊ, पर्यावरणपूरक हेडफोन निवडताना त्याचा खोका बांबूचा आहे की नाही हे नंतर बघू; आधी कुशन हाताने निघालं पाहिजे आणि सुटं मिळत राहिलं पाहिजे. सेनहायझर कंपनीचा एचडी २५ हा हेडफोन १९८८चा. केबल, हेडबँड, ड्रायव्हर, सगळं सुटं मिळतं, म्हणून डीजे तो अजून वापरतात. कोपनहेगनच्या एआयएआयएआय कंपनीने २०१५मध्ये टीएमए-२ हा हेडफोन आणला, त्यात तर हेडबँड, ड्रायव्हर, कुशन, केबल आपणच निवडून जोडायचं. पण मखमली कुशन घेतलं तर कानाला गारवा मिळतो आणि कापडाच्या छिद्रांतून तोच बास झिरपतो. साउंड इंजिनियरला म्हणूनच प्रत्येक जोडणीत कुठला स्वर किती मोठा येतो याचा मोजलेला आलेख हवा. रंगांचे पर्याय त्याच्या काय कामाचे?