जनुकोपचाराचे विषाणूवाहक: खरा प्रश्न मात्रेचा

पेशीत शिरायचे आणि आपली जनुके तिच्याकडून राबवून घ्यायची, हे विषाणूंचे उपजत कसब जनुकोपचारात कामी येते. विषाणूच्या प्रजननाची जनुके काढून त्या जागी रुग्णाला हवे असलेले जनुक भरले की तो वाहक बनतो; परंतु एवढ्याने तो सुरक्षित होत नाही. १९९९ साली अमेरिकेतील एका चाचणीत ॲडिनोव्हायरसचा वाहक यकृताच्या रोहिणीतून दिल्यावर उसळलेल्या प्रतिकारप्रतिक्रियेत १८ वर्षांचा तरुण दगावला. पुढे काही वर्षांतच पॅरिसमध्ये, जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या ज्या बालकांवर रेट्रोव्हायरसच्या साहाय्याने उपचार झाले होते, त्यांच्यापैकी काहींना रक्ताचा कर्करोग झाला. वाहक गुणसूत्रात एलएमओ२ या, चेतल्यास कर्करोगाकडे नेऊ शकणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसला होता आणि वाहकातील वर्धक क्रमाने, म्हणजे जवळच्या जनुकाचे काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने, ते जनुक चेतवले होते. नंतरच्या वाहकांतून हा वर्धक क्रमच कापून टाकण्यात आला.

आज थेट शरीरात देण्यासाठी प्रामुख्याने ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस, म्हणजे एएव्ही, वापरतात. त्याचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो आणि त्यातील डीएनए बहुतांशी गुणसूत्राबाहेरच राहतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. अडचण मात्रेची आहे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरील शिरेतून द्यायच्या उपचारात दर किलो वजनामागे सुमारे ११० लाख कोटी वाहक-जीनोम, म्हणजे जनुक भरलेले विषाणूकण, द्यावे लागतात, आणि एवढ्या मोठ्या मात्रांमुळे यकृताला गंभीर इजा होऊन मृत्यूही झाले आहेत. त्यात निर्मितीच्या वेळी जनुक न भरलेली रिकामी कवचे, म्हणजे विषाणूची नुसती प्रथिनांची बाह्य आवरणेही तयार होतात. ती गाळून काढली नाहीत, तर उपयोग शून्य आणि प्रतिकारप्रतिक्रिया मात्र वाढते. म्हणून सुरक्षितता आणि कार्यक्षमता हे दोन वेगळे प्रश्न मानणे मला चुकीचे वाटते: प्रत्येक कणाकडून अधिक काम झाले, तर कण कमी लागतील.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण हिमोफिलिया-बी या रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या उपचारात सापडते. इटलीतील एका कुटुंबात रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ९ या प्रथिनाचे एक नैसर्गिक रूप आढळले, ज्यात ३३८व्या स्थानावर आर्जिनिनऐवजी ल्युसिन आहे. एवढ्या एका बदलाने प्रथिनाची क्रियाशीलता सुमारे आठपट होते. ज्या गुणधर्मामुळे त्या कुटुंबातील एका तरुणाला रक्ताची गुठळी झाली, तोच गुणधर्म रक्त न गोठणाऱ्या रुग्णाला उपकारक ठरला. हे ‘पदुआ’ रूप वाहून नेणाऱ्या उपचाराला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. येथे विषाणूला हातही न लावता त्याच मात्रेचा परिणाम वाढवता आला.

कवचात बदल करणे अधिक अवघड आहे. कवचाच्या पृष्ठभागावर अमिनो आम्लांचे यादृच्छिक तुकडे बसवून असंख्य प्रकार तयार करायचे आणि इच्छित अवयवात पोहोचलेले तेवढे निवडायचे, या पद्धतीने २०१६ साली पीएचपी.बी हे कवच मिळाले. उंदरांच्या मेंदूत ते विलक्षण सहजतेने शिरत असे. माकडांत मात्र ते निष्प्रभ ठरले, कारण ते उंदरांच्या काही वाणांतील एलवाय६ए या प्रथिनाला चिकटून मेंदूत जात होते आणि ते प्रथिन माकडांत किंवा माणसात नाही. आता काही संशोधक उलट्या दिशेने जातात: आधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींवर असणाऱ्या मानवी ट्रान्सफेरिन ग्राही या प्रथिनासारखे लक्ष्य ठरवतात आणि त्याला चिकटणारे कवच मग शोधतात. कवच कोणतेही असो, एका मात्रेनंतर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि तोच वाहक पुन्हा देणे सहसा शक्य होत नाही. त्यामुळे मात्रा कमी करतानाही ती पहिल्याच खेपेस पुरेशी ठरावी लागते.