भाड्याच्या घरातला गीझर, कूलर आणि मोटार: सोलापुरात जबाबदारी कुणाची, अर्ज कुठे, कागद कोणते

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी आलं की पूर्व भागातल्या चाळींपासून जुळे सोलापूरच्या बंगल्यांपर्यंत सगळीकडे एकाच वेळी मोटारी सुरू होतात. हौदाशेजारची फरशी ओली असते आणि त्यावरूनच जोडवायर गेलेली असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या बॉडीचे कूलर दिवसरात्र चालतात. भाड्याच्या घरात ही मोटार आणि कूलर बहुतेक वेळा मालकाचे असतात, हात मात्र भाडेकरूचा लागतो. करंट येतो अशी तक्रार केली की "जपून वापरा" एवढंच उत्तर मिळतं. कायदा मालकाला एवढ्यावर सोडत नाही.

घरमालकाने दरवर्षी विद्युत उपकरणं तपासून प्रमाणपत्र घ्यावं अशी सक्ती आपल्या भाडे कायद्यात नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी आणि चांगल्या दुरुस्तीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. या कायद्यातल्या 'जागे'च्या व्याख्येत इमारतीला पक्क्या बसवलेल्या जोडण्याही येतात. म्हणजे वायरिंग, बोर्ड, मेन स्विच, भिंतीला ठोकलेला गीझर, छताचा पंखा, हौदावर कायम बसवलेली मोटार यांची दुरुस्ती मालकाकडे मागता येते. सुटा कूलर, इस्त्री, पाण्यात टाकायचा रॉड अशा वस्तूंचं तसं नाही. त्यांच्याबाबतीत करारात काय लिहिलंय तेच कामी येतं, म्हणून करार करतानाच जागं राहायला हवं.

तुम्ही भाडेकरू की परवानाधारक?

हा फरक बहुतेकांना कोर्टाची पायरी चढल्यावर कळतो. जुन्या भाडेकरूला कलम १४ चं संरक्षण आहे. हल्ली मात्र विद्यापीठात किंवा इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या मुलांपासून बदलीवर आलेल्या नोकरदारांपर्यंत जवळपास सगळे 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहतात. कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू नसून परवानाधारक असतात. त्यांच्यासाठी आधी करारातल्या अटी महत्त्वाच्या. त्याशिवाय भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ ची कलमं ५७ आणि ५८ आहेत. जागेत जीवाला किंवा मालमत्तेला धोकादायक असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर तो उघड सांगणं मालकाचं कर्तव्य आहे, असं कलम ५७ म्हणतं. जागा धोकादायक होईल असं काही मालकाने करू नये, असं कलम ५८ म्हणतं. आधीच्या भाडेकरूला गीझरचा शॉक बसला होता आणि मालकाने ते न सांगता खोली पुढच्याला दिली, तर त्याने हे कर्तव्य मोडलं.

करार आणि नोंदणी

'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज सोलापुरात अजून घट्ट आहे. तो चुकीचा आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येते. दोन्ही पक्षांचं आधार आणि पॅन, छायाचित्रं, मिळकतीचा पुरावा म्हणून इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), मिळकत कराची पावती किंवा वीजबिल, आणि साक्षीदारांची ओळखपत्रं जवळ ठेवा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यात परतीच्या अनामतीवर धरलेलं वार्षिक १० टक्के व्याज मिळवून येणाऱ्या रकमेवर ०.२५ टक्के असतं. महिना ८,००० रुपये भाडं, अकरा महिने आणि ३०,००० अनामत असेल तर हे शुल्क अडीचशे रुपयांच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

छापील मसुद्यात 'सर्व दुरुस्ती राहणाऱ्याने स्वखर्चाने करावी' अशी ओळ हमखास असते. ती तशीच राहू देऊ नका. तिच्या जागी मालकाच्या प्रत्येक उपकरणाचं नाव, कंपनी, अनुक्रमांक, आजची अवस्था आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत कोण दुरुस्त करेल, हे लिहून घ्या. इस्त्री, रॉड, गीझर, रूम हीटर अशा वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते तिथल्या तिथे दिसतं.

किल्ली घेण्याआधीची तपासणी

परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागा. ठेकेदार अर्थिंग खरोखर चालू आहे का आणि तारांचं इन्सुलेशन टिकून आहे का, हे उपकरणाने मोजतो. टेस्टर लावून दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असं होत नाही. थ्री-पिन सॉकेटचं तिसरं भोक कित्येक जुन्या घरांत कशालाच जोडलेलं नसतं. त्यामुळे कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत न जाता पत्र्यातच राहतो.

बोर्डावर एमसीबी दिसली की लोक निर्धास्त होतात. एमसीबी जादा भार आला किंवा शॉर्ट सर्किट झालं की तुटते. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्या मानाने फारच थोडा असतो आणि तो एमसीबीला जाणवतही नाही. तो ओळखते आरसीसीबी, आणि घरासाठी ती ३० मिलिअँपिअरची हवी. तिच्यावरचं चाचणी बटण दाबल्यावर पुरवठा तुटायलाच पाहिजे. घरात आरसीसीबी नसेल तर माझ्या मते ती बसवून मिळेपर्यंत अनामत देऊ नये. बाथरूम आणि मोटारीच्या घरात दुसऱ्या कशानेही तिची जागा भरून निघत नाही.

मालक दुरुस्ती करत नसेल तर

फोनवर सांगितलं एवढं पुरत नाही. दोष काय, कुठे आणि कधी दिसला हे लिहून, फोटो आणि जमल्यास ठेकेदाराचा अहवाल जोडून, पोच मिळेल अशा पद्धतीने पोस्टाने नोटीस पाठवा. एक प्रत आणि पोच जपून ठेवा. कलम १४ लागू असेल तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस थांबा. तरीही काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना ६,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ७२,००० होतात आणि वळती १८,००० पर्यंत चालते. बिलं आणि पावत्या नीट ठेवल्या तर खर्चाचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो. परवानाधारकाने मात्र करारात तशी अट नसताना भाडं कापू नये. त्याची बाजू नोटीस आणि करारभंगाच्या दाव्यावर उभी राहते.

तक्रार केली म्हणून मालकाने वीज तोडली तर भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २९ पाहा. वीज, पाणी आणि जिन्यातला दिवा या अत्यावश्यक सेवा आहेत आणि योग्य कारणाशिवाय त्या तोडणं गुन्हा आहे. पुरवठा पूर्ववत व्हावा यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. भाडेकरूचे असे वाद सोलापुरात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. अर्जासोबत करार, भाड्याच्या पावत्या किंवा बँक नोंदी, वीजबिल, नोटिशीची प्रत, पोच आणि फोटो लावा.

महावितरणकडे काय न्यायचं हेही समजून घ्या. खांबापासून मीटरपर्यंतचा बिघाड त्यांचा. ठिणग्या, लोंबकळणारी सर्व्हिस वायर किंवा जळका मीटर दिसला तर बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घेऊन १९१२ वर कळवा. मीटरच्या पुढचं वायरिंग मालकाचं.

अपघात झाला तर

आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा. विजेने मृत्यू किंवा इजा झाली तर वीज अधिनियम, २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकांना कळवावं लागतं आणि मृत्यू झाला असेल तर त्याची मुदत २४ तास आहे. पोलिसांतही लगेच नोंद करा आणि पंचनामा होईपर्यंत उपकरण हलवू नका. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचं ठरलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोष माहीत असून मालकाने तो दुरुस्त केला नाही, हे दाखवायला तुमची जुनी लेखी नोटीस उपयोगी पडते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विडी वळणाऱ्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका इथे हजारोंनी भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि त्या सगळ्या यात बसतात. ओळखपत्र, जातीचा, अपंगत्वाचा किंवा कामगार असल्याचा दाखला यांपैकी लागू असेल तो, आणि मालकाला पाठवलेली नोटीस एवढ्यावर अर्ज करता येतो. देशभरासाठी मदतीचा क्रमांक १५१०० आहे.