कुंडीतला घेवडा आणि तळाशी अडकलेले पाणी

मुलांनी कुंडीत लावलेली रोपे पाण्यावाचून क्वचितच मरतात. ती बहुधा जास्त पाण्याने मरतात. झारी हातात आली की मुलांना मोह आवरत नाही, आणि मोठी माणसे कुंडी म्हणजे शेताचाच लहानसा तुकडा समजून तीत मळ्यातली काळी माती भरतात. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या या मातीत पिके जोमदार येतात हे खरे असले, तरी तीच माती डब्यात फार निराळी वागते.

शेतात वरच्या मातीला खालची माती सलग जोडलेली असल्यामुळे पावसाचे पाणी खोलवर ओढले जाते. कुंडीत ही सलगता तळाच्या भोकाशी तुटते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात, त्यामुळे जादा पाणी निघून गेल्यावरही तळाचा काही सेंटिमीटरचा थर गच्च भिजलेलाच राहतो. या थराची जाडी ठरते ती पोकळ्यांच्या आकारावरून. कुंडी किती खोल आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. म्हणूनच उथळ, पसरट कुंडीत मुळांना हवेशीर जागा जवळजवळ उरत नाही, तर 25 सेंटिमीटर खोलीच्या डब्यात ती पुरेशी मिळते.

मुलांना हे पटवायला भांडी घासण्याचा नवा, चौकोनी स्पंज पुरतो. तो पाण्यात पूर्ण बुडवून आडवा धरावा आणि ठिबकणे थांबले की न पिळता लांबीच्या बाजूने उभा करावा. पाणी पुन्हा गळू लागते. स्पंज तोच, पण उंची वाढताच त्याची पाणी धरण्याची क्षमता घटते.

निचऱ्यासाठी तळाला खडीचा थर देण्याची पद्धत मात्र उलटीच ठरते. बारीक पोकळ्यांतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, त्यामुळे भिजलेला थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी ठेवावी, एवढेच. नुसत्या काळ्या मातीऐवजी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घ्यावे. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते.

मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट मंद पसरतो. गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, पाने मलूल होतात, आणि ते पाहून आणखी पाणी घातले जाते. त्यापेक्षा मुलांनी मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे आणि तिथवर कोरडे लागले तरच झारी उचलावी.

पीक कोणते घ्यावे, तर या जिल्ह्यात कोरेगावचा वाघ्या घेवडा हाताशी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या घेवड्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, आणि तेवढ्यानेच मुले कामाला लागतात. पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यात पावसाळ्याच्या आरंभी चार-पाच दाणे तीन सेंटिमीटर खोल टोकावेत आणि संततधार लागली की डबा आडोशाला घ्यावा. आठवडाभरात दाण्याच्या दोन डाळिंब्या देठासह माती फोडून वर येतात.

जास्तीचे रोप उपटण्यासाठीच लावलेले असावे, असे माझे मत आहे. पालकांचे मन त्याला धजत नाही, पण खरी गंमत मुळांवर असते. फुले येऊ लागली की एक रोप मातीच्या गोळ्यासह काढून पाण्यात हलक्या हाताने धुवावे. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. ब्लेडने एक कापावी, अर्थात मोठ्यांनी. आत गुलाबी रंग दिसला तर गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतल्या नत्राचे रोपाला वापरता येईल असे रूप करत आहेत. हे जिवाणू मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने 1888 मध्ये प्रथम वेगळे केले. नत्र बांधणारे त्यांचे विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातले लेगहिमोग्लोबिन तिथे ऑक्सिजन मोजून-मापून पुरवते. गुलाबी रंग त्याचा.

गाठी दिसल्याच नाहीत, तर मिश्रणात योग्य जिवाणू नसावेत किंवा युरिया पडला असावा. आयता नत्र मिळाला की रोप गाठी धरण्याचा खर्च टाळते. घेवड्याच्या शेतातली मूठभर माती मिसळल्यास पुढच्या खेपेला फरक दिसतो. घरात सोयाबीनसाठी आणलेले जिवाणूंचे पाकीट मात्र इथे चालत नाही, कारण सोयाबीनचे जिवाणू निराळे.

शेंगा कोवळ्या असताना भाजीला घ्याव्यात. वाळलेले दाणे कच्चे चघळू देऊ नयेत: त्यांतल्या लेक्टिन या प्रथिनामुळे उलट्या होतात. ते रात्रभर भिजवून, पाणी बदलून, खळखळून उकळत्या पाण्यात किमान 10 मिनिटे शिजवल्यावरच निर्धोक होतात.